जोर्वे-नाशिक येथील चित्रित खापरें व त्यांवरील नक्षी : एक परीक्षण

नाशिक क्षेत्राचा परिचय इतिहाससंशोधकांस आजवर मुख्यत्वें दोन साधनांनीं झालेला आहे. पांडवलेण्यांतील नहपान, उषवदात व गौतमी बलश्री यांचे शिलालेख हें पहिलें साधन. पेशवाईंतील कागदपत्रें व तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें दुसरें. हीं दोन्ही साधनें अक्षरांचीं आहेत. परंतु अक्षर या प्रांतीं येण्याच्याहि पूर्वीं गोदाकांठीं वस्ती होती, व तेथील कुंभार आपल्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगानें नक्षी काढीत होते, ही गोष्ट निश्चयानें कळली ती १९५०-५१ सालच्या उत्खननामुळें. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनीं त्या वर्षीं नाशकांतील मातीची गढी आणि संगमनेरजवळ प्रवरेच्या कांठचें जोर्वे हीं दोन ठिकाणें खणलीं. त्या कामाचा इंग्रजी अहवाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९५५ सालीं प्रसिद्ध केला.

या ग्रंथास सत्तर वर्षें होऊन गेलीं. मध्यंतरीं नेवासें, प्रकाशें, बहाळ, चांदोली, दायमाबाद व इनामगांव येथें उत्खननें झालीं, आणि जोर्वेच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीचीं दोनशेंहून अधिक ठिकाणें महाराष्ट्रांत उजेडांत आलीं. तेव्हां इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आतां कशास, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, या खापरांवरील नक्षी वाचण्याची जी रीत त्या काळीं पडली, तीच थोड्याफार फरकानें अद्याप चालू आहे. आणि संग्राहकांच्या फडताळांत जीं रंगीत खापरें येऊन पडतात, त्यांचें बरेंवाईट याच रीतीवर अवलंबून आहे. ग्रंथाच्या निमित्तानें त्या रीतीची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणें न्याय्य होय. या अहवालापूर्वीं महाराष्ट्राच्या प्राचीनतेविषयीं जें लिहिलें गेलें तें बहुतेक पुराणें, ताम्रपट व लेणीं यांच्या आधारें. जमिनीचे थर एकाखालीं एक मोजून, प्रत्येक थरांतील खापरें निराळीं ठेवून, अमुक वस्तु अमुक वस्तूच्या आधींची असें दाखविण्याची शिस्त येथें पक्की झाली. नाशिक येथें सर्वांत वर मुसलमानी व मराठी अंमलाचे अवशेष, त्याखालीं सातवाहनकालीन, त्याखालीं उत्तरेकडील काळ्या झिलईदार भांड्यांचा काळ, आणि तळाशीं गारगोटीसारख्या दगडांचीं बारीक हत्यारें व चित्रित खापरें, असा क्रम लागला. तळच्या थरांतील सामग्री नाशकांत अल्पच होती. जोर्वे येथें मात्र तीच भांडीं भरपूर मिळालीं, व त्यांबरोबर तांब्याच्या सहा कुऱ्हाडी व एक बांगडी हीं सांपडलीं. यावरूनच या भांड्यांस जोर्वेचें नांव पडलें. नाशिकनें क्रम दिला व जोर्वेनें भांडें दिलें, असें थोडक्यांत म्हणतां येईल. दोन ठिकाणांची ही जोड एकाच ग्रंथांत बांधली, ही ग्रंथकर्त्यांची दूरदृष्टि होय.

आतां हें भांडें कसें असतें तें पाहूं. माती बारीक व चांगली मळलेली, घडण चाकावरची, भाजणी इतकी सारखी कीं खापर बोटानें वाजविलें असतां धातूसारखा नाद निघतो. अंग तांबडें किंवा नारिंगी, चकाकी नसलेलें. आकार थोडे व ठरीव. बाहेरील बाजूस कंगोरा असलेला व त्यावर आंत वळलेल्या भिंतीचा वाडगा. लांब नळीसारख्या तोटीची झारी. उंच गळ्याचें वाटोळें मडकें. हे त्यांतील प्रमुख. नक्षी काळ्या रंगाची, भाजण्यापूर्वीं काढलेली. तिचे घटकहि मोजकेच : आडव्या समांतर रेघा, तिरप्या रेघांचे गट, शिडी, जाळी भरलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी, त्रिकोण, नागमोडी व कोनदार वळणें. पशुपक्षी अगदीं विरळ. ही नक्षी भांड्याच्या वरच्या भागापुरती, म्हणजे गळा, खांदा व कंगोऱ्यावरची पट्टी येथेंच असते. बुडाकडचा भाग सामान्यतः कोरा राहतो.

याच ठिकाणीं आमचा पहिला आक्षेप येतो. प्रस्तुत अहवालांत व त्यासारख्या सर्वच अहवालांत भांडें दाखविण्याची एक ठराविक पद्धति आहे. अर्ध्या आकृतींत भिंतीचा छेद व अर्ध्या आकृतींत बाह्यांग काढावयाचें, आणि खापर लहान असल्यास त्यावरील नक्षीचा तुकडा सपाट करून दाखवावयाचा. आकार व जाडी समजण्यास ही पद्धति उत्तम आहे. परंतु नक्षीचा अभ्यासक तीवरून चालूं लागला, कीं त्याच्या हातीं राहते ती केवळ घटकांची यादी : इतक्या चौकटी, इतक्या शिड्या, इतके त्रिकोण. पट्टी भांड्याभोंवतीं फिरतांना कशी चालते, चौकटींमधील कोरी जागा किती, तोटीपाशीं येतांच नक्षी थांबते कीं वळसा घेते, आणि फेरा पुरा होतांना शेवटची चौकट आंखडावी लागली कीं नीट बसली, हें सर्व त्या यादींतून निसटतें.

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा संबंध आहे त्यांना याचें मर्म सांगण्याची गरज नाहीं. एखाद्यानें रुमाल सोडून त्यांतील पत्रांवरचे शिक्के व मोर्तबें तेवढीं कातरून घेतलीं व त्यांची सुबक वही केली, तर शिक्क्यांचे प्रकार कळतील. पण तें पत्र कोणीं कोणास, कोणत्या प्रसंगीं लिहिलें, मायना कसा, समास किती सोडला, हात कारकुनाचा कीं खुद्द धन्याचा, हें कायमचें गेलें. खापरावरील चौकट भांड्यापासून तोडून तक्त्यांत मांडणें हें त्याच जातीचें कृत्य आहे. ज्यानें मोडी वाचली आहे तो अक्षराची नुसती आकृति पाहत नाहीं, तर बोरू कोठें टेकला, कोठें उचलला व ओळ कशी धरली हें पाहतो. खापर वाचण्यासहि हीच नजर पाहिजे. आडवी रेघ बहुधा भांडें फिरवीत व कुंचला स्थिर धरून काढतां येते. तिरप्या रेघा सुट्या हातानें काढाव्या लागतात. रेघेचा आरंभ जाड व शेवट बारीक आहे काय, एक रेघ दुसरीच्या वरून गेली आहे कीं खालून, हें डोळ्यांस दिसतें. यादीपेक्षां या निरीक्षणांतून कुंभाराच्या हाताची ओळख अधिक होईल.

दुसरा आक्षेप परदेशी वंशावळीविषयीं. डॉ. सांकलिया यांनीं १९५५ सालींच 'अँटिक्विटी' या नियतकालिकांत नर्मदाकांठच्या नावडाटोली येथील तोटीच्या भांड्यांचें इराणांतील भांड्यांशीं साम्य दाखविलें, व पुढेंहि पश्चिम आशियाशीं असलेल्या संबंधाचा विचार ते आग्रहानें मांडीत राहिले. प्रश्न विचारण्यांत दोष नव्हता. त्या काळीं कालनिर्णयाचीं साधनें थोडीं होतीं, व नव्या सामग्रीस कोठें तरी बसविणें भागच होतें. परंतु त्या साम्याचा आधार नावडाटोलीचें भांडें हा होता. पुढच्या वाचकांनीं तोच आधार प्रवरेकांठच्या झारीस लावला, हें युक्त नाहीं. सियाल्कचें नांव काढतांच जे तोटीचे कुंभ डोळ्यांपुढें येतात, त्यांची तोटी पक्ष्याच्या चोंचीसारखी, वर उघडी व पुढें लांबलेली असून मागें मूठ असते. जोर्वेची तोटी नळीसारखी बंद आहे, व झारीस मूठ नाहीं. दोहोंतून पाणी ओततां येतें, एवढ्यावरून त्यांना भाऊबंद ठरविणें धाडसाचें होय. शिवाय कालगणनाहि प्रतिकूल आहे. सियाल्कचे ते कुंभ इ. स. पूर्वीं पहिल्या सहस्रकाच्या आरंभींच्या शतकांतले मानले जातात. आणि कर्ब-पद्धतीनें नावडाटोलीचा काळ त्याच्या बराच मागें, दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याकडे जातो. नातवापासून आजोबा जन्मला असें म्हणतां यावयाचें नाहीं.

उलट पक्षीं घरचा पुरावा उत्तरोत्तर बळावत गेला. दायमाबाद येथें सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे असे पांच थर एकावर एक मिळाले. घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननांत माळवा-काळ इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते १४००, पूर्व-जोर्वे १४०० ते १००० व उत्तर-जोर्वे १००० ते ७०० असा क्रम बसविण्यांत आला. माळव्याचें भांडें संपून जोर्वेचें एका रात्रींत अवतरलें नाहीं. एकाच वस्तींत, त्याच मातींत, एक रीत दुसरींत उतरत गेली. जोर्वेचा कुळवृत्तांत लिहावयाचा तर त्याचें पहिलें पान तापी, गोदावरी, प्रवरा व घोड यांच्या कांठीं शोधलें पाहिजे. दूरदेशाचा विचार त्यानंतर.

तिसरा आक्षेप नक्षीस गूढ अर्थ चिकटविण्याविषयीं. यांत मूळ अहवालाचा दोष नाहीं. दोष आहे तो आम्हां हौशी मंडळींचा. नागमोडी रेघ दिसली कीं ती नदी. चौकट दिसली कीं शेत. त्रिकोण दिसला कीं देवी. येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. भांडें भाजल्यावर त्यावर अणकुचीदार वस्तूनें कोरलेल्या खुणा ही एक जात, व भाजण्यापूर्वीं कुंचल्यानें काढलेली नक्षी ही दुसरी. पहिल्या जातीचा हडप्पा-चिन्हांशीं कांहीं संबंध लागतो कीं काय याची चर्चा श्री. ब्रजबासी लाल यांनीं १९६० सालीं केली, व ती चर्चेस योग्यच आहे. परंतु तो न्याय दुसरीस लावतां येत नाहीं.

या बाबतींत एका दूरच्या देशाचें उदाहरण फार बोधप्रद आहे. अमेरिकेच्या नैऋत्य भागांत, न्यू मेक्सिको व अ‍ॅरिझोना या प्रांतांत, पुएब्लो नांवाच्या वस्त्यांत राहणारे मूळचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया चाकावांचून, मातीच्या वळकट्या एकीवर एक रचून भांडीं करीत आल्या आहेत, व त्यांवर रंगानें अत्यंत सुरेख नक्षी काढीत आल्या आहेत. रूथ बंझेल या विदुषीनें झुनी, होपी, अ‍ॅकोमा इत्यादि वस्त्यांतील कुंभारणींकडे जाऊन, त्यांच्यापाशीं बसून, 'ही आकृति तूं कां काढलीस, येथेंच कां काढलीस?' असें विचारलें, व १९२९ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांतून निष्पन्न झालें तें असें कीं, एकाच आकृतीस निरनिराळ्या बायका निरनिराळीं नांवें देतात; कोठें नक्षीस अर्थ सांगतात, कोठें ती केवळ शोभा म्हणून काढतात; परंतु गळ्याची नक्षी कोणती, पोटाची कोणती, जागा कशी वांटावी, याविषयीं मात्र त्यांच्या मनांत निश्चित नियम असतात. म्हणजे ज्या हातानें रेघ काढली तो हात जिवंत असतां व त्याचें तोंड बोलत असतांहि अर्थ स्थिर राहत नाहीं. स्थिर राहते ती मांडणी. मग तीन हजार वर्षांपूर्वींच्या मुक्या खापरास आम्हीं कोणत्या अधिकारानें बोलतें करावें?

त्याच लोकांच्या भांड्यांवरील आणखी एक प्रघात सांगण्याजोगा आहे. गळ्याभोंवतीं जी रेघ फिरते तिचीं दोन टोंकें कित्येक कुंभारणी मुद्दाम जुळवीत नाहींत. मध्यें बारीकशी फट ठेवतात, व तिचा संबंध आपल्या आयुष्याशीं जोडतात. ही फट सबंध भांड्यावरच कळते. तेवढाच तुकडा हातांत आला तर पाहणारा म्हणेल कीं कुंचला चुकला. जोर्वेच्या कुंभारानें अशी फट ठेवली होती असें आमचें म्हणणें नाहीं. एवढेंच म्हणणें कीं, मुद्दाम केलेलें कोणतें व चुकून झालेलें कोणतें, याचा निवाडा तुकड्यावर करतां येत नाहीं.

शिवाय जाळीची चौकट पुएब्लोंच्या भांड्यांवरहि आहे व प्रवरेकांठच्याहि. म्हणून संगमनेरचे कुंभार न्यू मेक्सिकोस गेले असें कोणी म्हणत नाहीं. जेथें चटई विणली जाते, टोपली वळली जाते, तेथें अशी चौकट हातास आपोआप सुचते. एवढेंच नव्हे, तर एकाच प्रदेशांतील साम्यहि फसवें असूं शकतें. होपींच्या वस्तींतील नाम्पेयो या विख्यात कुंभारणीनें (मृत्यु १९४२) शतकांपूर्वीं ओसाड पडलेल्या सिक्यात्की गांवचीं जुनीं खापरें पाहून त्यांची नक्षी पुन्हां प्रचारांत आणली. तेथें साम्य आहे तें अखंड परंपरेचें नव्हे, तर डोळसपणें केलेल्या पुनरुज्जीवनाचें. साम्य दिसलें म्हणजे वंश सिद्ध झाला, हें सूत्र सोडलेंच पाहिजे.

मग या नक्षींतून कांहींच कळत नाहीं काय? पुष्कळ कळतें, परंतु तें भांड्यासकट पाहिल्यास. माळव्याच्या भांड्यांवर आकृतींची रेलचेल आहे. भौमितिक आकृतींबरोबर पशु आहेत, मनुष्यें आहेत. जोर्वेचा कुंभार हें बहुतेक सोडून देतो. पुष्कळांनीं याला दारिद्र्य म्हटलें. आमच्या मतें पूर्व-जोर्वे काळापुरता हा निवाडा उलट आहे. याच काळीं माती अधिक बारीक होते, घडण सफाईदार होते, भाजणी सारखी होते, आकार रेखीव होतात. ज्या कारागिराची कसोटी सर्व बाजूंनीं वाढली, त्याचा हात केवळ नक्षींतच खुंटला असें मानण्यास कारण नाहीं. त्यानें नक्षीस आकाराची चाकर केली. वाडग्याचा कंगोरा ही त्या भांड्याची मुख्य रेषा. रंगाची पट्टी तिच्यापर्यंत येते व थांबते. खालचा भाग कोरा ठेवल्यानें वरची चौकट उठून दिसते. हा संयम होय. आणि ज्यांनीं हेमाडपंती देवळाचा साधा थर पाहिला आहे, त्यांना संयमांतील शोभा ओळखतां येईल.

खरें दारिद्र्य येतें तें उत्तर-जोर्वे काळीं. इनामगांव येथें इ. स. पूर्वीं १००० च्या पुढें ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या दिसूं लागतात; भांडें जाड व ओबडधोबड होतें; रंगकाम कमी व निष्काळजी होतें. रेघ तीच, चौकट तीच, परंतु हात ढिला पडलेला. घटकांची यादी करणाऱ्यास दोन्ही काळ जवळजवळ सारखे वाटतील, कारण आकृति त्याच आहेत. हात वाचणाऱ्यास मात्र एका समाजाची उतरती कळा त्या ढिल्या रेघेंत दिसेल. नक्षीच्या अभ्यासाचा इतिहासास उपयोग कोणता, याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस माहीत नाहीं.

येथें संग्राहक मंडळींस एक आग्रहाची विनंति करणें अवश्य आहे. नदीकांठचीं टेकाडें पावसानें ढासळतात, नांगरानें उकरलीं जातात, बांधकामासाठीं खणलीं जातात; आणि वर आलेल्या खापरांतून रंगीत तेवढें उचलावें व साधें टाकून द्यावें, अशी चाल आहे. या चालीनें होणारी हानि एका गोष्टीवरून समजेल. जोर्वे-काळीं लहान मुलांस घराच्या जमिनीखालीं पुरीत, तें दोन जाड्याभरड्या मडक्यांचीं तोंडें एकमेकांस भिडवून. आणि जवळ तोटीची झारी किंवा वाडगा ठेवीत. रंगीत झारी कोणीं एकटीच उचलून आणली तर ती पाणी पिण्याचें भांडें ठरेल. शेजारचीं तीं साधीं मडकीं असलीं तरच ती कोणासाठीं ठेवलेली होती हें कळेल. झारीचा अर्थ साध्या खापराच्या स्वाधीन असतो.

तेव्हां खापर उचलण्यापूर्वीं जागा, दिनांक, टेकाडाचा कोणता उतार व किती खोली याची नोंद व्हावी. शेजारचें साधें खापर त्याच पुडींत राहावें. तें भांड्याच्या कोणत्या भागाचें आहे तें लिहावें. घासून धुऊं नये. आणि खणण्याचें काम तर जाणत्या संस्थेवांचून कोणींच करूं नये. ज्यांच्या घरीं अशीं खापरें पूर्वींच जमलेलीं आहेत त्यांनीं ती कोठून आलीं एवढें तरी आठवून लिहून ठेवावें. ठिकाण नसलेलें खापर व तारीख फाटलेलें पत्र यांची किंमत सारखीच.

एकंदरींत, १९५५ चा अहवाल हा आपल्या प्रांताच्या पुरातत्त्वाचा पायाभूत ग्रंथ आहे, व थरांचा जो क्रम त्यानें दिला तो पुढील उत्खननांनीं अधिकच दृढ केला. नक्षीच्या बाबतींत मात्र त्यानें केवळ सामग्री दिली. वाचन व्हावयाचें अद्याप शिल्लक आहे. नाशिक, जोर्वे, नेवासें, दायमाबाद व इनामगांव येथील पुऱ्या किंवा जुळवितां येण्याजोग्या भांड्यांची नक्षी भांड्याभोंवतीं सबंध उलगडून, थरवार एकत्र छापली गेली पाहिजे. तसें झाल्यास निरक्षर काळांतील कुंभारांचे हात, मोडी लेखकांच्या हातांप्रमाणें, आपणांस एकेक करून ओळखूं येतील. तें काम होईपर्यंत चौकटीस नदी, शेत वा इराण म्हणण्याचा मोह आवरावा, हें उत्तम.